बाबासाहेबांच्या पुस्तकांची किंमत

१९१७ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, भीमराव रामजी आंबेडकर हे सव्वीस वर्षांचे विद्यार्थी लंडनहून मुंबईस परतले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती आणि अभ्यास अर्धवट राहिला होता. ते स्वतः एका जहाजाने आले. त्यांचे सामान, ज्यात मोठा भाग पुस्तकांचा होता, दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज जर्मन टॉर्पेडोने समुद्राच्या तळाशी गेले. थॉमस कुक कंपनीमार्फत सामानाचा विमा उतरवलेला होता, म्हणून काही दिवसांनी भरपाई हाती आली. रक्कम होती सहाशे रुपये. बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याचा हुकूम आलेला होता, पण जाण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. बुडालेल्या ग्रंथांच्या या मोबदल्यातूनच बडोद्याचे तिकीट निघाले.

डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथप्रेमावर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. दादरच्या राजगृहात किती हजार पुस्तके होती, याचा आकडा तर जयंतीच्या व्याख्यानांतून दरवर्षी वाढतच जातो. त्या आकड्याने फारसे काही कळत नाही. श्रीमंताघरच्या कपाटांतही हजारो पुस्तके असतात. आंबेडकरांच्या बाबतीत विचारावा असा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या हाती आलेल्या पुस्तकाची किंमत प्रत्येक वेळी कोणी मोजली?

पहिला हिशेब वडिलांचा. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. रामजी कबीरपंथी. घरात रोज संध्याकाळी भजन व्हायचे, संतांचे अभंग आणि रामायण-महाभारताच्या कथा मोठ्याने वाचल्या जायच्या, आणि मुलांनी त्या वेळी हजर असावे असा दंडक होता. पोटापुरते अन्न असो वा नसो, अक्षराला त्या घरात तोटा नव्हता. मात्र उंबरठ्याबाहेर पडले की तेच अक्षर परके होई. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. वही तपासतानादेखील शिक्षक ती हातात घेत नसत. पुढे संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण ती भाषा अस्पृश्य मुलाला शिकवण्यास नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. हा सल त्यांनी मनातून कधी काढला नाही. प्रौढपणी स्वतःच्या कष्टाने संस्कृत आत्मसात करूनच त्यांनी तो फेडला.

कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले तेव्हा सारा संसार एका खोलीत होता. तीच स्वयंपाकघर, तीच निजायची जागा आणि तीच अभ्यासिका. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजींनी एक व्यवस्था लावली. भीमरावांनी लवकर झोपावे, आपण रात्री दोनपर्यंत जागे राहावे, मग मुलाला उठवून स्वतः त्याच जागी आडवे व्हावे. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी आणि मध्ये मिणमिणता दिवा, अशा त्या खोलीत पहाटेपर्यंत वाचन चाले. शाळेची नेमलेली पुस्तके पुरेनात म्हणून मुलगा इतर पुस्तकांचा हट्ट धरी. सुभेदारांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. मग ते आपल्या लग्न झालेल्या धाकट्या मुलीकडे जात आणि चार पैसे मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात. तिच्याकडेही रोख नसली तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि निवृत्तिवेतनाचा दिवस उजाडला की दागिना सुटून पुन्हा लेकीकडे जाई. या बहिणींची नावे मंजुळा आणि तुळसा. लाडक्या भावाच्या शिक्षणासाठी दागिना गहाण टाकू देणाऱ्या बहिणी महाराष्ट्रात पुष्कळ झाल्या असतील. पण अवांतर वाचनासाठी, परीक्षेत ज्याचा एक गुणही मिळणार नाही अशा पुस्तकासाठी, तो देणाऱ्या फार थोड्या असाव्यात.

त्याच सुमारास चर्नी रोडच्या बागेत एका गृहस्थांची दृष्टी या मुलावर गेली. शाळा सुटल्यावर तो तिथे येऊन पुस्तकात डोके घालून बसे. हे गृहस्थ कृष्णाजी अर्जुन केळुसकर, विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि मराठीतील नामांकित चरित्रलेखक. मुलाची जात कळल्यावर त्यांनी अंतर ठेवले नाही, उलट त्याला निवडक पुस्तके वाचायला देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच तेव्हा सभा भरवण्याजोगी घटना होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. फुकट मिळालेल्या या एका पुस्तकाने पुढे जे घडवले, त्याला अर्धे शतक लागले. केळुसकरांचे उपकार तेवढ्यावर थांबले नाहीत. महाविद्यालयाचा खर्च झेपेना तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही तेच पुढे होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक मुल्लर यांनी या विद्यार्थ्याला पुस्तके तर दिलीच, अंगावर घालायला कपडेही दिले.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले, तेही सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर. आपल्यापैकी जे शिक्षणासाठी देशाबाहेर पडले, त्यांना पहिल्या काही महिन्यांतले ते भांबावलेपण ठाऊक असते. आंबेडकरही सुरुवातीला वसतिगृहे बदलत राहिले, मित्रांत रमले. पण लवकरच त्यांनी स्वतःला आवरले. कोलंबिया विद्यापीठाचे लो ग्रंथालय हे त्यांचे खरे घर झाले. सकाळी दार उघडताना आत शिरावे आणि बंद होताना शेवटी बाहेर पडावे, असा क्रम. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहिली की छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पदवीसाठी इतके लागत नव्हते. ज्याला आयुष्यभर ताटावरून उठवले गेले त्याने पंगतीत एकही पदार्थ चुकवू नये, तशी ही भूक होती.

या काळात ते शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून घरी पाठवत आणि उरलेल्यातून पोट मारून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू तिथे लाभले. ड्यूई यांच्या शिक्षणविषयक ग्रंथाची बाबासाहेबांची प्रत आजही मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे, आणि तिच्या पानापानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. राजगृहातील पुस्तके मोजणाऱ्यांनी ही एक प्रत चाळावी. वाचणे म्हणजे लेखकाशी वाद घालणे, हे त्या रेघांवरून कळते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. आंबेडकर हडसनच्या काठी ग्रंथ जमवत होते तेव्हा परळच्या चाळीत रमाबाई घर चालवत होत्या. लग्न १९०६ सालचे, त्या अगदी लहान असताना झालेले. पतीच्या दोन्ही परदेशवाऱ्यांच्या काळात त्यांनी काय सोसले, याची दखल पुढे खुद्द बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये घेतली. शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहण्यासही ही बाई मागे सरली नाही, असे त्यांनी लिहिले आहे. पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे एकामागून एक गेली. हे सारे पुस्तकांपायी झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरिबी, रोगराई, चाळीतले जीवन, सारीच कारणे होती. पण विद्येची जी किंमत त्या घराने भरली, तिचा मोठा वाटा रमाबाईंच्या नावे मांडावा लागतो. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला तो त्या गेल्यानंतर काही वर्षांनी.

सहाशे रुपयांपैकी काढलेल्या तिकिटावर आंबेडकर बडोद्यास पोहोचले तेव्हा तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते उतरले. वरच्या मजल्यावरच्या त्या मोठ्या, अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या दालनात दुसरे माणूस नव्हते. कचेरीतून परतल्यावर कंदिलाच्या अपुऱ्या उजेडात ते वाचत बसत, कारण पुस्तकात बुडाले की आपण कुठे आहोत याचा विसर पडे. पण वटवाघळांचे चीत्कार आणि फडफड पुन्हा भानावर आणी. कचेरीत सहकारी दुरून वागत. अमेरिकेतून एम. ए. होऊन, पीएच. डी.चा प्रबंध लिहून आलेल्या अधिकाऱ्याची ही अवस्था. बडोद्यात त्या काळी सयाजीरावांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून उत्तम सार्वजनिक ग्रंथालये उभारली होती. एकाच नगरात ग्रंथालयाचे दार उघडे होते आणि प्रत्येक घराचे बंद.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत होते. आदल्या रात्री वाचायला आणलेली ग्रंथालयाची पुस्तके परत करायची म्हणून ती गोळा करत असताना जिन्यावर पावले वाजली. काठ्या घेतलेले डझनभर पारशी खोलीसमोर येऊन उभे राहिले. धर्मशाळा बाटवल्याचा आरोप झाला आणि संध्याकाळपर्यंत चालते होण्याची ताकीद मिळाली. त्या दिवशी बडोद्यातील हिंदू आणि ख्रिस्ती परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी काही तास एका सार्वजनिक बागेत काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे, आणि आपण उसनी पुस्तके गोळा करत होतो हा तपशील त्यातून गाळलेला नाही. अठरा वर्षांनंतर आठवण लिहितानाही त्यांना तो विसरता आला नव्हता.

मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, जिवलग मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, शाहू महाराजांची मदत मिळाली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पुढल्या तीन वर्षांतली दिनचर्या वाचली की अंगावर काटा येतो. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा आणि माशाचा एखादा घास. मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात घुमटाखाली संध्याकाळपर्यंत बैठक. तिथून उठले की इंडिया ऑफिसचे किंवा लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेले पापड भाजून खायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचे. खोलीतल्या सोबत्याने झोपण्याचा आग्रह केला, तर अन्नाला पैसा नाही आणि झोपेला वेळ नाही, असे त्यांचे उत्तर असे. प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या त्या काळच्या निवासस्थानी आता महाराष्ट्र शासनाने स्मारक केले आहे. तिथे जाणाऱ्यांना मांडून ठेवलेल्या नीटनेटक्या खोल्या दिसतात. त्या खोल्यांतली थंडी आणि उपास मात्र कल्पनेनेच पाहावे लागतात.

डी. एस्सी.साठी सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे सुधारून पुन्हा द्यावा लागला. १९२३ च्या अखेरीस तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांनी तो आई-वडिलांच्या स्मृतीस वाहिला. रात्री दोनला मुलाला उठवणाऱ्या सुभेदारांना ही पावती मिळायला दहा वर्षे उशीर झाला होता.

मायदेशी परतल्यावर १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये उघडण्याचाही समावेश होता. पाण्यासाठीचा महाडचा लढा सर्वांना ठाऊक आहे. त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. पुस्तकावर इतके प्रेम करणाऱ्या माणसाने पुस्तक जाळावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. विदेशी कापडाच्या होळीशी त्याची तुलना करून बाबासाहेबांनी त्याचा प्रतीकात्मक अर्थ त्याच काळात सांगितला होता. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. ज्या ग्रंथाला अग्नी दिला, तोच ग्रंथ ते उरलेले आयुष्यभर अध्याय-श्लोकांनिशी वाचत आणि उद्धृत करत राहिले. शूद्र कोण होते, अस्पृश्य कोण होते या प्रश्नांवरचे त्यांचे ग्रंथ या वाचनावर उभे आहेत. जाळण्यापूर्वी वाचणारे पुष्कळ असतील, जाळल्यानंतर वाचणारा विरळा.

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले. ते बांधताना मनात आधी ग्रंथालय होते, मग बिऱ्हाड. नाव राजगृह, मगधाच्या प्राचीन राजधानीवरून ठेवलेले. वरच्या मजल्यावर पुस्तके, अभ्यासिका आणि लिहिण्याची जागा. चाळीत एका दिव्यापुरती जागा मिळालेल्या माणसाने अखेर पुस्तकांना ऐसपैस निवारा दिला. ‘चारमिनार’ ही दुसरी इमारत त्यांनी पुढे विकली, राजगृह मात्र ठेवले. रमाबाईंना या घरात फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या इथेच गेल्या.

पुढे मंत्रिपद आले, संविधानाचे काम आले, दिल्लीचे वास्तव्य आले. मधुमेहाने शरीर पोखरले, डोळे दगा देऊ लागले, तरी रात्रीचे वाचन सुटले नाही. पाली भाषेचा अभ्यास करता करता त्यांनी तिचा शब्दकोश तयार केला. आणि आपल्या पुस्तकांचे काय करायचे, याचाही निर्णय त्यांनी जिवंतपणी घेतला. १९४५ साली त्यांनी ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’ स्थापली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना येता यावे म्हणून तिथले वर्ग भल्या सकाळी भरत. १९५० साली औरंगाबादेस दुसरे महाविद्यालय निघाले, ते पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. आपल्या संग्रहातील ग्रंथ त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालयाला दिले. ज्या पुस्तकांसाठी बहिणीचे दागिने गहाण पडले होते, त्या जातीची पुस्तके आता सकाळच्या पाळीआधी येणाऱ्या कारकुनाला आणि गिरणी कामगाराच्या मुलाला कपाटातून नुसती मागून घेता येणार होती.

शेवटचा हिशेब ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाचा. केळुसकरांनी १९०७ साली हाती दिलेल्या चरित्रापासून सुरू झालेली वाट इथवर आली होती. आजारपणाशी झुंजत त्यांनी हा ग्रंथ पुरा केला. छपाईचा खर्च वीस हजार रुपयांच्या घरात गेला आणि तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ग्रंथाच्या पाचशे प्रती सरकारने घ्याव्यात, असे सुचवले. बुद्धाच्या परिनिर्वाणाची अडीच हजार वर्षे सरकार त्याच वर्षी साजरी करत होते. उत्तर सभ्य, पण नकाराचे आले. त्या समारंभाच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम आधीच संपली होती. ज्यांनी देशाला संविधानाचा मसुदा दिला त्यांना पाचशे पुस्तके खपवण्यासाठी अर्ज करावा लागावा, हे वाचताना आजही संकोच वाटतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतील २६, अलिपूर रोड येथील घरी त्यांना थकवा जाणवत होता. स्वीय सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून त्यांनी कपाटातली काही पुस्तके काढून घेतली, कबिराचे एक पद गुणगुणले, आणि झोपण्यापूर्वी ग्रंथाची प्रस्तावना व परिचय, तसेच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे पुन्हा एकदा नजरेखालून घालायला पलंगाजवळ आणवली. रात्रीतच झोपेत त्यांचे देहावसान झाले. प्रस्तावनेचे कागद टेबलावर होते. ग्रंथ १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला.